लेबल लागलं, पैसे राहिले

हे खोकं बघा. ढाक्याच्या आसपासच्या शिलाई कारखान्यांतून अशी खोकी रोज बाहेर पडतात. आत टी-शर्ट आहेत, घडी घालून पिशवीत भरलेले. मानेपाशी परदेशी ब्रँडचं नाव शिवलंय. लटकत्या लेबलवर किंमत छापलीय, पौंडात नाहीतर युरोत. तिकडच्या दुकानात माल थेट टांगता यावा म्हणून ही लेबलं इथेच लावतात. म्हणजे जहाजावर चढण्याआधीच माल एकाच गिऱ्हाइकाचा झाला. त्यानं नको म्हटलं, तर तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही.

आणि त्याचे पैसे अजून आलेले नाहीत.

ऑर्डर आली की कारखानदार बँकेची पत उचलून कापड मागवतो, बरंचसं चीनमधून. याला बॅक-टू-बॅक एलसी म्हणतात, म्हणजे हातातल्या ऑर्डरच्या आधारावर बँकेनं कापडवाल्याला दिलेलं हमीपत्र. कापडाचं देणं ठरल्या तारखेला फेडावंच लागतं, पगारही महिन्याच्या महिन्याला. खरेदीदार मात्र माल रवाना झाल्यावर साठ, नव्वद, कधी त्याहूनही जास्त दिवसांनी पैसे देतो. अनेक मोठे ब्रँड आता बँकेची हमीही देत नाहीत, नुसत्या विक्री करारावर काम चालतं. आपल्याकडे वाणी उधार देतो तेव्हा वही त्याच्या हातात असते, पुढचा माल द्यायचा की नाही हे तो ठरवतो. इथे उधार देणाराच पुढच्या ऑर्डरसाठी उधार घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

मार्च २०२०. करोनामुळे युरोप-अमेरिकेतली दुकानं बंद झाली आणि ढाक्यात ई-मेल येऊ लागले: ऑर्डर रद्द. कापून ठेवलेल्या मालाची रद्द, शिवून झालेल्या मालाचीही रद्द. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं बांगलादेशी कारखानदारांची पाहणी केली. ऑर्डर रद्द करणाऱ्या खरेदीदारांपैकी ७२ टक्क्यांनी आधीच घेतलेल्या कापडाचे पैसे नाकारले होते, ९१ टक्क्यांनी कापणी-शिलाईचे. कारखानदारांच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष रुबाना हक यांनी व्हिडिओवरून खरेदीदारांना हात जोडले. एच अँड एमसारख्या काहींनी तयार मालाचे पैसे देऊ असं जाहीर केलं, ते चांगलंच झालं. पण देणं त्यांच्या मर्जीवर होतं. कोर्टात कोण जाणार? पुढच्या हंगामाची ऑर्डर त्यांच्याकडूनच यायची.

सरकारनं पगारांसाठी ५,००० कोटी टाका (बांगलादेशचं चलन) इतकं कर्ज उपलब्ध करून दिलं. माल नाकारला परदेशातल्या खरेदीदारानं, कर्ज चढलं ढाक्यातल्या खात्यावर. तरीही एप्रिलमध्ये, भर लॉकडाऊनमध्ये, थकलेल्या पगारासाठी कामगार रस्त्यावर आले. त्यात बाया किती होत्या ते त्या दिवसांची छायाचित्रं दाखवतात.

मर्जीच्या जागी कागद आला तर काय होतं, तेही याच भागानं पाहिलंय. ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे गेले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं. इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली.

त्यानंतर महिन्याभरात कारखान्यांच्या इमारती आणि आगीपासूनच्या सुरक्षेसाठी ब्रँडसोबत अकॉर्ड हा करार झाला. तोवर ब्रँडची आचारसंहिता म्हणजे त्यांनी स्वतःच लिहिलेलं वचन. या करारावर कामगार संघटनांच्याही सह्या होत्या, आणि तो मोडला तर लवादाकडे जाता येत होतं. कामगार संघटना खरोखरच हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेल्या. २०१८ मध्ये एका ब्रँडला २३ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. तपासण्या झाल्या, आगीचे दरवाजे बसले, कमकुवत खांब भक्कम झाले.

दर आणि पैसे देण्याची तारीख यांच्यासाठी असा लवाद उभा राहिला नाही. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या पुरवठादारांना २०१३ पासून स्वतंत्र निवाडा अधिकारी आहे, मोठ्या साखळी दुकानानं अन्याय केला तर त्याच्याकडे जाता येतं. कपड्यांसाठी तसंच हवं म्हणून २०२२ मध्ये तिथल्या संसदेत खासगी विधेयक मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही.