कडेच्या दोन फणांत तूर

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

मृग तोंडावर आलाय, सोयाबीनच्या बॅगा घरात येऊन पडल्या असतील. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या माझ्या कोरडवाहू शेतकऱ्यांना कळकळीची विनंती आहे, सगळं रान सोयाबीनखाली घालू नका. चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर पेरा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचीही हीच शिफारस आहे.

तुम्ही म्हणाल, सोयाबीनच्या दोन ओळी गेल्या, उतारा घटणार की! थोडा घटेल, खरं आहे. पण तुरीची चाल बघा. पहिले दीड-दोन महिने ती दमानं वाढते, सोयाबीनला आड येत नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघालं, की तिला दोन्ही अंगांनी मोकळं ऊन मिळतं आणि ती फांद्या पसरते. सोयाबीन वरच्या थरातली ओल घेतं. तुरीचं सोटमूळ खोल उतरून परतीच्या पावसाची ओल धरतं. ऑगस्टात पावसानं ओढ दिली, सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या, तरी तूर तग धरते. दसऱ्याला सोयाबीनची गंजी भिजली, तरी पुढं तुरीचं चार पोतं घरात येतं. ज्याच्याकडं विहीर नाही, त्याला हे किती मोठं आहे हे मी वेगळं सांगायला नको.

पेरणी अवघड नाही. ट्रॅक्टरच्या सहा फणी, म्हणजे एका वेळी सहा ओळी पेरणाऱ्या, यंत्रात कडेच्या दोन फणांना तूर द्या, मधल्या चारांना सोयाबीन. ट्रॅक्टर वळून शेजारून परत आला, की तुरीच्या दोन ओळी आपोआप जवळजवळ पडतात. दोन्ही बियाणी एकत्र मिसळून मात्र पेरू नका, सोयाबीन कापताना तूर तुटते. रायझोबियम, म्हणजे बियाण्याला चोळायचं जिवाणू खतही दोन्ही पिकांचं वेगवेगळं असतं, पाकीट वाचून घ्या. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरणी सुरू करू नका.

तुरीच्या ओळींमुळं हार्वेस्टर चालत नाही, म्हणून अनेकांनी तूर सोडली. मजूर मिळत नाहीत, ही अडचण खरीच आहे. त्यांनी निदान एका एकरावर तरी तुरीच्या ओळी ठेवाव्यात आणि तेवढं सोयाबीन हातानं कापावं. हलक्या-मध्यम रानाला बदनापूरच्या संशोधन केंद्राचं, लवकर येणारं तुरीचं बीडीएन-711 हे वाण चांगलं. ते बियाणं याच आठवड्यात आणून ठेवा, पाऊस पडल्यावर दुकानं धुंडाळायची वेळ येऊ नये.

नमस्कार.