ओसरीवरचा फोटो, माजघरातला फोटो

(सांगलीत विश्रामबागमधल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'संगणकावरचे खासगी फोटो आणि लॉक स्क्रीन'. त्यावर मी बोलणारच आहे. मागे ज्या काकांनी वही उघडून तारीखसुद्धा घातलीय, त्यांना सगळ्या पायऱ्या लिहून घेता येतील इतक्या सावकाश सांगणार आहे. पण आधी मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या जुन्या घराला ओसरी होती? बघा किती हात वर आले. गावभाग, खणभाग, सगळेच आलेत. म्हणजे माझं निम्मं काम झालं.

ओसरीवर कोण यायचं? पोस्टमन यायचा, दूधवाला यायचा, शेताचा हिशेब घेऊन गडी यायचा, वडिलांचे मित्र पान जमवत बसायचे. त्यांच्या डोक्यावर भिंतीला काय असायचं? गणपतीची तसबीर, आजोबांचा फेटा बांधलेला फोटो, फार तर थोरल्याचा पदवी घेतानाचा. लग्नाचा अल्बम पाहुण्यांसमोर यायचा. बाळंतिणीचा फोटो मात्र कधी ओसरीला लागला नाही. तो आत, गोदरेजच्या कपाटात, साडीच्या घडीखाली असायचा. बाईला कधी काढून बघावासा वाटला, तर तिनं बघायचा. असा काही नियम कुणी घालून दिला नव्हता, आणि त्यात लपवाछपवीही नव्हती. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, हे घरातल्या शेंडेफळालासुद्धा कळायचं.

संगणकालाही ओसरी असते, तिलाच लॉक स्क्रीन म्हणतात. पासवर्ड टाकायच्या आधी, वेळ आणि तारीख दाखवत जे चित्र उभं राहतं, ते. विंडोजमध्ये ही २०१२ साली, विंडोज ८ बरोबर आली. मशीनसमोरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसते, त्याला पासवर्ड माहीत असायची गरज नाही. गेली बावीस वर्षं मी संगणकाचे वर्ग घेते, आणि लॉक स्क्रीनवर चित्र कसं लावायचं हे मी शेकडो जणांना शिकवलं असेल. तिथं कुठलं चित्र लावायचं, हा प्रश्न मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता. तो कसा आला, ते आज सांगते. आईची परवानगी घेऊन सांगते आहे.

आईचं मिरजेला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर टाक्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रोज मिरजेला हेलपाटे घालू नका, सकाळी ड्रेसिंग बदलताना फोटो काढा आणि मला पाठवा. मी अकरा दिवस फोटो काढले. खिडकीपाशी उजेड चांगला यायचा. आई भिंतीकडे तोंड करून बसायची, पदर बाजूला करायची आणि डोळे मिटून घ्यायची. एकदा फक्त म्हणाली, "झालं का गं?" जखम भरली, डॉक्टरांनी पुरे म्हणून सांगितलं, आणि ते फोटो फोनमध्येच राहिले.

दोन महिन्यांनी एका बचत गटाच्या बायकांसाठी मी एक दिवसाचं शिबिर घेतलं. चाळीसएक बायका होत्या. आईला एकटीला घरी ठेवायचं नव्हतं म्हणून तिलाही नेलं. शेवटच्या रांगेत उशी घेऊन ती बसली होती. साडेअकराला चहाची सुट्टी झाली. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेलाच होता, मी कपबशा वाटत होते. पंधरा मिनिटं कुणी बटण दाबलं नाही, तेव्हा लॅपटॉप आपसूक लॉक झाला आणि भिंतीवर फोटो सरकायला लागले. गणपती विसर्जन, भाच्याचा वाढदिवस, हरिपूरचा संगम. बायका कौतुकानं बघत होत्या. आणि मग आईचा फोटो आला, टाक्यांसकट, सगळ्या भिंतीभर.

मी हातातला ट्रे ठेवायला जागा शोधत होते. त्या चार-पाच सेकंदांत पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठल्या आणि आपला पदर त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगावर धरला. भिंत काळी झाली. मी बंद करेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. भिंगाचा उजेड पदरातून झिरपत होता आणि काठाच्या कोयऱ्या लालभडक दिसत होत्या. त्या कोण, कुठल्या, मला आजही माहीत नाही.

आई तिथं काही बोलली नाही. रिक्षातही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, "तुझ्या त्या यंत्राला आतलं-बाहेरचं कळत नाही का गं?"

मंडळी, त्या रात्री मी हे कसं घडलं याचा माग काढला. तो तुम्हीही नीट ऐका, कारण यात कुणी चोर नव्हता, कुणी काही फोडलं नव्हतं. फोन हरवला तर फोटो जाऊ नयेत म्हणून मी फोनवर वनड्राइव्हचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कोठाराचं, कॅमेरा अपलोड चालू केलं होतं. त्यामुळे फोनवर काढलेला प्रत्येक फोटो वनड्राइव्हच्या 'कॅमेरा रोल' फोल्डरमध्ये जात होता. लॅपटॉपवर तेच खातं, म्हणून तिथून तो लॅपटॉपवर उतरत होता. लॉक स्क्रीनला मी हौसेनं स्लाइडशो लावला होता. त्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, या संगणकावरचे आणि वनड्राइव्हवरचे कॅमेरा रोल फोल्डर सामील करा. ती चालू होती. खाली आणखी एक, संगणक नुसता पडून असला तर स्क्रीन बंद करण्याऐवजी लॉक स्क्रीन दाखवा. तीही चालू. चार सोयी, चारही माझ्या भल्याच्या, आणि त्या एकापाठोपाठ जोडल्या गेल्यावर माजघराची भिंत पडून थेट ओसरी झाली.

यावर कुणी म्हणेल, असे फोटो काढायचेच नाहीत. हा उपदेश बायकांना फार होतो, आणि तो मला मान्य नाही. जखमेचा फोटो काढावा लागतो. अंगावर उठलेलं पुरळ डॉक्टरांना दाखवावं लागतं. दूध पाजतानाचा फोटो एखाद्या आईला आठवण म्हणून हवा असतो. नवरा-बायकोंचे आपले फोटो असतात. न्हाणीघरातलं चिमुरडं असतं. हे सगळं घरातलं आहे आणि त्याला घरात जागा असलीच पाहिजे. खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं. आपल्या आज्यांनी ते साडीच्या घडीखाली आधीच पाळलं होतं.

आपल्या सांगलीत हा प्रश्न जास्त आहे, आणि त्याला कारण पूर आहे. ऑगस्ट २०१९ आठवा. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर लोकांनी गाद्या टाकल्या, धान्य टाकलं, पण अल्बम टाकवेनात. माझ्या शेजारणीनं गच्चीत दोरी बांधून लग्नाचे फोटो चिमट्यांनी वाळत घातले होते. काहींवरचा रंग साय निघावी तसा सुटून आला होता, नवरदेवाचा नुसता फेटा राहिला होता. पुढचे तीन महिने माझ्या वर्गात फक्त स्कॅनिंग चाललं. लोक पिशव्या भरून फोटो आणायचे. ओसरीवरचे, कपाटातले, साडीच्या घडीखालचे, सगळे एका गठ्ठ्यात, आणि ते गेले एकाच फोल्डरमध्ये. तो संगणक सगळ्या घराचा, त्यावर खातं एकच, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. पुरात बुडालेले जुने संगणक गेले भंगारवाल्याकडे, आतल्या हार्ड डिस्कसकट. डिस्क बुडाली म्हणून फोटो मेले, असं समजू नका. जाणकार माणूस ते परत काढू शकतो.

आणि दुरुस्ती! जानेवारी २००८ मध्ये हाँगकाँगच्या एका नटाचे खासगी फोटो जगभर पसरले. त्यानं लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता आणि तिथल्या कारागिरानं फोटो उतरवून घेतले होते. कारागिराला पुढे शिक्षा झाली, पण फोटोंतल्या बायकांचं जे व्हायचं ते झालंच. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी दुरुस्तीच्या दुकानांत मुद्दाम लॅपटॉप दिले, तो अभ्यास २०२२ साली बाहेर आला. आत काय काय उघडलं जातं याची नोंद ठेवायची सोय त्यांत केलेली होती. सहा ठिकाणी कारागिरांनी खासगी फाइली उघडल्या, दोन ठिकाणी उतरवूनही घेतल्या. आपल्याकडचे बहुतेक कारागीर सरळ आहेत, मी त्यांच्याबरोबर काम करते. पण बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही. मागितला तर 'कशाला?' असं विचारायला लाजू नका.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. काका, घ्या पेन.

आधी ओसरी. सेटिंग्ज, त्यात पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन. तिथं तीन पर्याय आहेत. स्पॉटलाइट, म्हणजे कंपनी रोज नवं निसर्गचित्र पाठवते. पिक्चर, म्हणजे तुम्ही निवडलेलं एकच चित्र. तिसरा स्लाइडशो. माझं मत विचाराल तर पिक्चर घ्या. स्लाइडशो हवाच असेल तर 'ओसरी' नावाचं वेगळं फोल्डर करा, त्यात वीस फोटो हातानं निवडून टाका, यादीतून 'पिक्चर्स' काढून 'ओसरी' घाला, आणि मघाशी सांगितलेल्या कॅमेरा रोलच्या आणि पडून असतानाच्या, दोन्ही ओळी बंद करा. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवर सूचना दाखवणंही बंद करा, नाहीतर मेल कुणाचा आला ते येणारा-जाणारा वाचतो. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल एकदम दाबा, की लॉक झालं. उठताना खुर्ची सरकवतो, तितकी त्याची सवय व्हायला हवी.

दुसरं, घरात माणसं चार तर खाती चार. प्रत्येकाचं पिक्चर्स फोल्डर वेगळं होतं. ज्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत त्याला मात्र दुसऱ्याच्या फोल्डरात शिरता येतं, तेव्हा ते अधिकार एकाकडेच ठेवा. फोल्डर 'हिडन' करणं म्हणजे परकराच्या नाडीला किल्ली बांधून परकर दांडीवर टाकण्यासारखं आहे. 'हिडन आयटम्स'वर एक खूण केली की सगळं दिसतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याला वेळ सगळ्यात कमी राहिला. विंडोजचा पासवर्ड ही नुसती दाराची कडी आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तर फोटो तसेच्या तसे उघडतात. त्यावर उपाय हरिपूरच्या लोकांना सांगायला नको. हळद साठवायचं पेव! जमिनीत खोल, तोंड लिंपलेलं, वरून नुसती जमीन. संगणकात त्याला एन्क्रिप्शन म्हणतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा फाइली करून ठेवणं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. होम आवृत्तीत बऱ्याच नव्या मशीनवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये बघा. दोन्ही नसेल तर व्हेराक्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. थोडेच फोटो असतील तर सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरनं पासवर्ड घालून गठ्ठा बांधा, फाइलींची नावं झाकायच्या ओळीवरही खूण करा, मग मूळ फोटो काढून टाका आणि रिसायकल बिन रिकामं करा. बिटलॉकर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली देतं. ती कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा. कधी मशीननं किल्ली मागितली आणि ती हरवलेली असली, तर ते पेव तुम्हालाही उघडणार नाही. आणि २००५ च्या पुरात पेवांतही पाणी शिरलं होतं, तेव्हा दुसरी प्रत, तीही कुलूपबंद, पुराच्या रेषेच्या वर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा.

विंडोज १० वाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट थांबले, तेवढं मनात असू द्या. फोटो कुणाला पाठवताना त्याच्या पोटात जागेचा ठावठिकाणा असू शकतो. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं तळाला तो पुसायची सोय आहे.

एवढं करूनही कुणाचा फोटो बाहेर गेलाच, तर त्या मुलीला आधी जेवायला वाढा, तिला 'काढलाच कशाला' असं विचारू नका. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. १९३० हा फोन नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो काढला किंवा पसरवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

समोरून विचारतायत, माझ्या लॉक स्क्रीनवर आता काय आहे? हे बघा, फिरवते लॅपटॉप. दिसतंय मागे? त्या रात्री मी आईला विचारलं, इथं कुठला फोटो लावू? तुझा एखादा छानसा लावू का? नको म्हणाली. आयर्विन पुलाचा लाव. पूर नसतानाचा.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी पुढच्या टेबलापाशी या. हॉल साडेआठपर्यंत आपल्याकडे आहे.