ताफ्यातील गाड्यांची विद्युत देखभाल : माप आणि नोंद

मित्रहो, ताफ्याच्या गाड्या सांभाळताना मला सर्वांत महाग पडलेली चूक म्हणजे उभ्या गाडीवर घेतलेले माप पुरेसे मानणे. बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे बॅटरी भरलेली असते. तरीही किल्ली फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, कण्हत अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. मग बॅटरी बदलली जाते, पाठोपाठ सेल्फ उतरवला जातो, आणि खरा दोष मात्र इंजिन व चॅसिस (गाडीचा सांगाडा) यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत तसाच राहतो.

त्या पट्टीच्या बोल्टाखाली गंज चढून केवळ ०.०१ ओहम रोध वाढला, तर साधा मीटर तो शून्यासारखाच दाखवतो. पण सेल्फने २०० अँपियर ओढले की त्याच सांध्यावर २ व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून इंधन बंद करून, गियर न्यूट्रलमध्ये ठेवून, सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे आणि त्याच वेळी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण खुंटावर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवावी. पिन लगवर, म्हणजे तारेच्या टोकाच्या पकडीवर नव्हे, शिशाच्या खुंटावरच टेकवायची, कारण दोष पुष्कळदा खुंट आणि लग यांच्या मधेच असतो. मीटरवर दिसणारी ही व्होल्टांची घट ०.२ व्होल्टांपुढे गेली की मी सांधा उघडतो आणि धातू चकाकेपर्यंत घासतो.

अवजड गाड्यांत १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट घेतात. आमच्याकडे अशा गाड्यांच्या बॅटऱ्या वारंवार निकामी होत, आणि मी बराच काळ त्या फक्त बदलत राहिलो. नोंदवहीत ‘बॅटरी बदलली’ एवढेच लिहिले जाई. जोडीतली कोणती, हे कोणी लिहीत नसे, आणि मीही लिहीत नव्हतो. तो रकाना वाढवल्यावर दिसले की दर वेळी चॅसिसकडची बॅटरीच, म्हणजे जिचा ऋण खुंट चॅसिसला जोडलेला असतो तीच, उतरलेली असते. चालकांनी रेडिओ आणि मोबाइलचा चार्जर यांसाठी त्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टांची तार ओढली होती. बॅटऱ्या भरणाऱ्या अल्टरनेटरला दोन्हींची बेरीजच कळते. साधारण २८ व्होल्ट भरले की त्याचे काम झाले. त्यामुळे चॅसिसकडची बॅटरी कायम अर्धपोटी राहते, तर दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन तिचे पाणी आटते. अशा वेळी एकच बदलली, तर जुनी आणि नवी यांची जोडी पुन्हा विजोड होते. म्हणून आम्ही दोन्ही एकदम बदलतो, आणि रेडिओला २४ व्होल्टांचे १२ करणारा कन्व्हर्टर बसवून देतो.

चालकांचा यात दोष मानू नये. दिवसभर गाडीत बसणाऱ्या माणसाला फोन चार्ज करायची सोय हवीच, आणि ती आम्ही दिली नव्हती. आता गाडी तपासणीला आली की मी आधी कॅबिनमधल्या जादा तारेचा माग काढत बॅटरीपर्यंत जातो, आणि मगच मीटर हातात घेतो.