फिलिपिनो नागरिकाचे हक्क आणि घटनेतून वगळलेलं एक प्रकरण

मित्रहो,

फिलिपिन्स म्हटलं की महाराष्ट्रात आधी मॅगसेसे पुरस्कार आठवतो. पहिल्याच वर्षी, १९५८ साली, तो विनोबांना मिळाला. पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना, नंतर जामखेडच्या आरोळे दांपत्याला, बाबा आमट्यांना, प्रकाश आणि मंदाताई आमट्यांना. ज्यांच्या नावाचा हा पुरस्कार आहे ते रामोन मॅगसेसे १९५३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधीची, १९४९ सालची तिथली निवडणूक गैरप्रकारांनी पार बदनाम झाली होती. म्हणून १९५१ साली मतदानावर नजर ठेवायला नागरिकांची एक संघटना उभी राहिली, नॅमफ्रेल. तिच्यामागे अमेरिकेचं बळ होतं, हेही सांगितलं पाहिजे. पण मतपेटीशेजारी उभं राहणं हे आपलं काम आहे, ही समजूत तिथल्या सामान्य माणसात तेव्हा रुजली. आज मला त्या कामाबद्दल बोलायचंय.

हक्क आणि कर्तव्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू, असं आपण नागरिकशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून ऐकत आलोय. फिलिपिन्सचा इतिहास वाचला आणि हे वाक्य मला पूर्वीइतक्या सहज म्हणता येईना.

१९७२ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा लावला. पहिल्याच रात्री बेनिग्नो अक्विनो, होसे दिओक्नो असे विरोधी पक्षांचे सिनेटर उचलले गेले. वर्तमानपत्रांना टाळं लागलं, नभोवाणी केंद्रं बंद झाली. चार महिन्यांच्या आत, जानेवारी १९७३ मध्ये, नवी राज्यघटना मंजूर झाल्याचं जाहीर करण्यात आलं. मंजुरी कशी घेतली? गावोगावी, वस्तीवस्तीत सभा बोलावून, हात वर करायला लावून. पंधरा वर्षांची मुलंसुद्धा त्यात मोजली. आणि त्या घटनेत एक नवं प्रकरण होतं, नागरिकांच्या कर्तव्यांचं. प्रजासत्ताकाशी निष्ठा ठेवा, ध्वजाचा मान राखा, कायदे पाळा, अधिकाऱ्यांना सहकार्य करा, कामधंदा करून कुटुंबाला सन्मानाने जगवा, मतदार म्हणून नाव नोंदवा आणि मत द्या. यातलं एकेक वाक्य सुटं वाचलं तर नाव ठेवायला जागा नाही. पण ज्या महिन्यांत ही यादी लिहिली गेली, त्याच महिन्यांत हजारो माणसं आरोपपत्राशिवाय कोठडीत होती.

आपल्याला हे ऐकून काही आठवलं पाहिजे. १९७६ साली, आणीबाणीत, येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंग मिसाबंदींनी भरलेले असताना, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या घटनेत कलम ५१-अ आलं, मूलभूत कर्तव्यांचं. दोन देश, एकच दशक. ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, नद्या-जंगलांचं रक्षण आहे, आणि मला त्या गोष्टी मनापासून हव्या आहेत. माझा आक्षेप यादीला नाही. कर्तव्यांची यादी कोण कुणाला वाचून दाखवतंय आणि त्या वेळी माणसाच्या हातात हक्क उरलेत का, एवढं विचारायची सवय आपण लावून घ्यावी.

आपण ५१-अ ठेवलं. फिलिपिनो लोकांनी त्यांचं प्रकरण वगळलं. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस देश सोडून पळाले. बेनिग्नो यांच्या पत्नी कोरासोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांनी घटना लिहायला एक आयोग नेमला. अध्यक्ष होत्या सेसिलिया मुन्योस पाल्मा, सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती. २ फेब्रुवारी १९८७ ला जनतेने ही घटना सार्वमताने स्वीकारली, तीन चतुर्थांशाहून जास्त मतांनी. तिच्यात नागरिकांच्या कर्तव्यांचं स्वतंत्र प्रकरण नाही.

कर्तव्य मात्र आहे, आणि ते कुठे ठेवलंय ते बघा. जुन्या घटनेत लिहिलं होतं की राज्याचं संरक्षण हे सरकारचं आणि जनतेचं आद्य कर्तव्य. नव्या घटनेत त्याच जागी लिहिलं, सरकारचं आद्य कर्तव्य म्हणजे लोकांची सेवा आणि लोकांचं रक्षण. देशावर संकट आलं तर सरकार नागरिकांना लष्करी किंवा नागरी सेवेसाठी बोलावू शकतं, ही तरतूद त्यानंतर येते, आणि तीही कायद्याने ठरवलेल्या अटींवर. ज्यांच्या जवळची माणसं कोठडीत गेली, काही परत आली नाहीत, अशा समाजाने विचारपूर्वक केलेला हा बदल आहे.

हक्कांच्या प्रकरणात बावीस कलमं आहेत. बहुतेक आपल्या ओळखीची, म्हणून बाराव्या कलमापाशीच थांबतो. चौकशीसाठी धरलेल्या माणसाला गप्प राहण्याचा हक्क आहे आणि सक्षम, स्वतंत्र वकिलाचा हक्क आहे. तो हक्क सोडायचा असेल तर लेखी सोडावा लागतो, आणि तेही वकिलासमोर. मारहाण, धमकी तर नाहीच, शिवाय गुप्त कोठड्यांवर स्पष्ट बंदी. घटनेत गुप्त कोठडीचा उल्लेख का करावा लागतो? लष्करी कायद्याच्या काळात माणसाला पोलीस ठाण्यात न नेता एखाद्या साध्या घरात नेऊन ठेवत, आणि घरच्यांनी ठाण्यात चौकशी केली की तिथल्या नोंदवहीत त्याचं नावच नसे. या कलमामागे ती घरं आहेत.

लष्करी कायद्याचा अधिकारही त्यांनी जखडून ठेवला. परकी आक्रमण किंवा बंड असेल तरच, राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारात जास्तीत जास्त साठ दिवस, अठ्ठेचाळीस तासांत संसदेला अहवाल. आणि कोणताही नागरिक उठून सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. न्यायालयाने तीस दिवसांत निकाल द्यायचा. ‘तुझा काय संबंध?’ असं त्याला विचारता येत नाही. २०१७ साली मिंदानाओ बेटावर मरावीच्या लढाईत लष्करी कायदा लागला तेव्हा लोक खरोखरच न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तरीही सरकारला उभं राहून कारणं द्यावी लागली, आणि १९७२ साली ती कुणी मागू शकत नव्हतं.

मग कर्तव्य कुणी बजावलं? १९८६ च्या त्या फेब्रुवारीकडे परत जाऊ. ७ तारखेला मार्कोस विरुद्ध कोरासोन अक्विनो अशी मुदतपूर्व निवडणूक झाली. १९८३ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या नॅमफ्रेलचे लाखो स्वयंसेवक केंद्राकेंद्रांवर होते, त्यांत मतपेट्यांभोवती साखळी करून उभ्या राहिलेल्या नन होत्या. सरकारी मोजणी मनिलाच्या आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात संगणकांवर चालली होती. ९ तारखेच्या रात्री तिथल्या काही संगणक कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की आपण यंत्रात भरलेले आकडे आणि समोरच्या मोठ्या फलकावर झळकणारे आकडे जुळत नाहीत. पस्तीस जण जागेवरून उठले, छापील कागद आणि डिस्क घेतल्या आणि सगळ्यांच्या देखत सभागृहातून बाहेर पडले. त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. रात्र त्यांनी बाक्लारानच्या चर्चमध्ये आसऱ्याला काढली. कोणत्या कलमात लिहिलं होतं त्यांना, उठा म्हणून? त्या वेळच्या घटनेत तर उलट लिहिलं होतं, अधिकाऱ्यांना सहकार्य करा.

दोनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, अंतीके प्रांताचे माजी गव्हर्नर एव्हेलियो हावियेर यांना सान होसे गावात भरदिवसा गोळ्या घातल्या. प्रांताची मतमोजणी चालू होती आणि ते तिच्यावर लक्ष ठेवून होते. पनाय बेटावरच्या प्रांतांत आजही त्या दिवशी त्यांच्या नावाने सुट्टी असते. त्यानंतरचे, मार्कोसना पळवून लावणारे, मनिलाच्या एद्सा रस्त्यावरचे चार दिवस, २२ ते २५ फेब्रुवारी, जगाने पाहिले. मला त्याआधीचे मोजणीचे दिवस जास्त मोठे वाटतात, कारण तेव्हा गर्दीचा आधार नव्हता.

आणि हे काम १९८६ ला संपलं नाही. ते शिक्षकांच्या अंगावर येऊन पडलं. आपल्यासारखंच तिथेही मतदान सरकारी शाळांत होतं आणि केंद्र चालवतात शिक्षक. नाव यादीत शोधायचं, मतपत्रिका द्यायची, मत देऊन आलेल्याच्या उजव्या तर्जनीला शाई लावायची. २०१० पासून यंत्रं मतपत्रिका वाचतात. त्याआधी मतदार उमेदवारांची नावं हाताने लिहीत, आणि मतदान संपलं की त्याच वर्गात शिक्षिका एकेक मतपत्रिका उघडून मोठ्याने वाची, दुसरी जण समोर रेघा ओढी. नगरसेवकांपासून सिनेटरांपर्यंतची नावं एकाच मतपत्रिकेवर. रात्र उलटून जाई. खिडकीशी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते, आणि काही ठिकाणी बंदुका.

१९९५ साली बातांगास प्रांतातल्या माबिनी गावात सशस्त्र माणसं मतपेटी पळवायला आली. फिलोमेना तातलोंघारी या शिक्षिकेने पेटी सोडली नाही. तिला तिथेच गोळी घातली. २००७ साली त्याच प्रांतातल्या तायसान गावात मोजणी चाललेल्या शाळेला आग लावली. नेली बानाग ही शिक्षिका त्यात गेली, आणि उमेदवाराची एक प्रतिनिधीही गेली.

यावर सरकारला सोपा मार्ग होता. पुतळे उभारायचे, शिक्षकांना राष्ट्रकर्तव्याचे धडे द्यायचे. शिक्षक संघटनांनी वेगळीच मागणी लावून धरली, आमच्यावर हे सक्तीने लादू नका. २०१६ मध्ये तसा कायदा झाला. निवडणुकीचं काम शिक्षकांना ऐच्छिक झालं, मानधन वाढलं, विम्याची, वैद्यकीय आणि कायदेशीर मदतीची तरतूद झाली. आणि तरीही पुढच्या प्रत्येक निवडणुकीत केंद्रं चालवायला प्रामुख्याने शिक्षकच उभे राहिले. निवडणुकीची ड्युटी केलेले शिक्षक या सभागृहात असणारच. त्यांनी या कायद्याचा जरूर विचार करावा.

मतदानाचंही तसंच. मार्कोस यांच्या काळात मत न देणं हा गुन्हा होता, आणि १९८१ साली तर विरोधकांनी अख्ख्या निवडणुकीवरच बहिष्कार टाकला. आज सक्ती नाही. २०२२ ला मतदान ८३ टक्क्यांच्या आसपास झालं.

विद्यार्थ्यांच्या लष्करी शिक्षणाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. कॉलेजातल्या मुलग्यांना ते सक्तीचं होतं. २००१ साली मनिलातल्या मार्क चुआ या विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठातल्या तुकडीचा पैशांचा गैरव्यवहार उघड केला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह पासिग नदीत सापडला. विद्यार्थी पेटून उठले, आणि २००२ च्या सुरुवातीला नव्या कायद्यावर सही झाली. आता विद्यार्थी, मुलगा असो वा मुलगी, तीनांतलं एक निवडतो: लष्करी शिक्षण, साक्षरतेचं काम किंवा लोकसेवा. देशासाठी काहीतरी करायचं, हे राहिलं. काय करायचं, ते ठरवण्याचा हक्क मुलांकडे आला.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचाही जीव घेता येणार नाही, हे हक्कांच्या प्रकरणाचं पहिलंच कलम. आणि २०१६ ते २०२२ या काळात अमली पदार्थांविरुद्धच्या कारवायांत खुद्द पोलिसांच्या हिशेबाने सहा हजारांवर माणसं मारली गेली. मानवी हक्क संघटना तो आकडा कितीतरी जास्त सांगतात. कालोओकानमधला सतरा वर्षांचा कियान देलोस सांतोस २०१७ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला. त्याने गोळीबार केला, असं पोलीस म्हणाले. वस्तीतल्या कॅमेऱ्यात त्याला फरपटत नेताना दिसलं आणि वस्तीतले लोक साक्षीला उभे राहिले. पोलिसांविरुद्ध, त्या दिवसांत! वर्षभराने तीन पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. याच कारवायांप्रकरणी २०२५ च्या मार्चमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या ताब्यात दिलं गेलं.

परदेशातल्या मतदारांचा मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. दुबईत, दोह्यात आपल्या मराठी मुलांच्या शेजारच्या टेबलावर फिलिपिनो सहकारी असतो. २००३ च्या कायद्याने त्याला तिथूनच मत देता येतं. २००४ ला पहिल्यांदा दिलं, २०२५ ला तर इंटरनेटवरून दिलं. आपल्या मुलाचं नाव यादीत लागू शकतं, पण मत द्यायला त्याला स्वतः गावच्या केंद्रावर यावं लागतं. घरी पैसे पाठवणाऱ्याला देशाच्या कारभारात बोलता आलं पाहिजे, हे फिलिपिन्सने मान्य केलं. आपणही करावं.

आता शेवटचा मुद्दा. १९८७ च्या घटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे. फक्त घराणेशाही म्हणजे काय, ते कायद्याने ठरवायचं, असं लिहून आयोगाने ते संसदेवर सोपवलं. संसदेत बसलेत त्या घराण्यांचेच लोक. इतकी वर्षं गेली, सर्वांना लागू होईल असा कायदा झालेला नाही. एक अपवाद मात्र झाला. बारांगाय म्हणजे तिथला सगळ्यात लहान प्रशासकीय घटक, आपल्या वॉर्डाएवढा. तिथे तरुणांची एक निवडून आलेली परिषद असते, तिचे पदाधिकारी अठरा ते चोवीस वर्षांचे. २०१६ च्या कायद्याने असं ठरलं की त्या भागातल्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचा मुलगा, मुलगी, भावंड किंवा नातवंड या परिषदेला उभं राहू शकत नाही. म्हणजे बारांगायातल्या अठरा वर्षांच्या पोरीला हा नियम लागू आणि संसदेला उभ्या राहणाऱ्या सिनेटरच्या मुलाला नाही. २१ सप्टेंबर २०२५ ला, लष्करी कायद्याच्या स्मृतिदिनी, पूरनियंत्रणाच्या कामांतल्या भ्रष्टाचाराविरुद्ध मनिलाच्या लुनेता मैदानावर आणि एद्सावर माणसं लोटली, त्यांत विद्यार्थी फार होते. आमच्यासाठी जो नियम केलात तोच स्वतःला लावा, हे संसदेला सांगायचा सगळ्यात पहिला हक्क या मुलांचा आहे.