शंभर टनी तोफांची 'दुइलिओ'

२० जुलै १८६६. एड्रियाटिक समुद्रात लिसा बेटाजवळ ऑस्ट्रियाच्या जहाजानं इटलीच्या 'रे दि'इतालिया' या चिलखती युद्धनौकेला कुशीत धडक दिली. काही मिनिटांत ती शेकडो खलाशांसह तळाला गेली. नुकत्याच एक झालेल्या इटलीला हा पराभव जिव्हारी लागला. किनारा लांबलचक, तिजोरीत खडखडाट. तेव्हा नौका-अभियंता बेनेदेत्तो ब्रिन यानं डाव मांडला: जहाजं मोजकीच बांधू, पण अशी की कुणी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

१८७३ मध्ये नेपल्सजवळ कास्तेल्लाम्मारे दि स्ताबियाच्या गोदीत 'काइओ दुइलिओ' या युद्धनौकेचं काम सुरू झालं. नाव कार्थेजच्या आरमाराला हरवणाऱ्या रोमन सेनानीचं.

तिचा आराखडा बघा. शिडं नाहीतच. मध्यभागी दोन फिरते बुरूज, एक डावीकडे, एक उजवीकडे सरकवलेला, म्हणजे चारही तोफा समोर रोखता याव्यात. जाड चिलखत फक्त मधल्या भागाला. दोन्ही टोकं जवळजवळ उघडी, फक्त छोट्या जलबंद कप्प्यांत विभागलेली. टोकं फुटली तरी मधला गड जहाजाला तरंगत ठेवील, हा ब्रिनचा हिशेब. ब्रिटनचे नामवंत नौका-रचनाकार एडवर्ड रीड यांना तो मुळीच पटला नाही. आणि मागच्या बाजूला, जहाजाच्या पोटातच, एक छोटी टॉर्पेडो बोट ठेवायची जागा!

ब्रिटिश युद्धनौका 'इन्फ्लेक्सिबल'वर ८० टनी, म्हणजे प्रत्येकी ८० टन वजनाच्या, तोफा बसणार हे कळल्यावर ब्रिननं थेट १०० टनी तोफा मागवल्या. त्या बनवल्या इंग्लंडच्याच आर्मस्ट्राँग कारखान्यानं. नळीचं तोंड ४५ सेंटिमीटर, गोळा सुमारे ९०० किलोचा.

१८७६ मध्ये इटलीतल्या स्पेझियाजवळ या तोफेनं वेगवेगळ्या चिलखती पत्र्यांवर मारा केला. लोखंडी पत्र्यांतून गोळे आरपार गेले. फ्रान्सच्या क्रूझो इथला पोलादी पत्रा फुटला खरा, पण गोळा त्यानं अडवला. ब्रिननं चिलखतासाठी पोलाद निवडलं. माझ्या मते या जहाजाच्या कहाणीतला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच.

तोफेची अडचण मात्र तिच्या तोंडाशीच होती. दारू आणि गोळा पुढूनच भरावा लागे. प्रत्येक बारानंतर बुरूज ठरलेल्या कोनात फिरवायचा, नळी खाली झुकवायची, डेकखालच्या हायड्रॉलिक दट्ट्यानं दारू आणि गोळा आत ठोसायचा. दोन बारांमध्ये पाव तास सहज जाई. १८८० मध्ये जहाज सेवेत आलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये एक तोफ फुटली.

'दुइलिओ' एकही लढाई लढली नाही. तरीही तिनं ब्रिटनला खर्चात पाडलं. सुएझमार्गे मुंबईला जाणाऱ्या जहाजांची वाट भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरून जाई, आणि तिथल्या ब्रिटिश तोफा 'दुइलिओ'पुढे तोकड्या ठरत होत्या. ब्रिटननं त्याच आर्मस्ट्राँगकडून चार शंभर टनी तोफा घेतल्या: दोन माल्टाला, दोन जिब्राल्टरला. दोन्ही ठिकाणी त्यातली एकेक आजही पाहायला मिळते.

मागून भरायच्या, झटपट डागता येणाऱ्या तोफा आल्या आणि 'दुइलिओ' मागे पडली. पुढे तिच्यावर प्रशिक्षण चाललं. १९०९ मध्ये ती आरमाराच्या यादीतून गेली. मग तिच्यात कोळसा आणि तेल साठवू लागले, आणि नाव काढून तिला 'जीएम-४०' हा क्रमांक दिला.