युद्ध थांबवायला निघालेल्या बायका

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात ज्यांनी १९७१चं युद्ध अनुभवलं, त्यांना ब्लॅकआउट आणि काचांवर चिकटवलेले काळे कागद आठवत असतील. अशा काळात बायकांनी घर सांभाळावं आणि देवाला हात जोडावेत, एवढीच अपेक्षा असते. काही बायकांनी मात्र थेट सत्ताधाऱ्यांची दारं ठोठावली.

एप्रिल १९१५. पहिलं महायुद्ध पेटलेलं. डच डॉक्टर अलेटा जेकब्स यांच्या पुढाकाराने हेगमध्ये महिलांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बारा देशांतल्या अकराशेहून अधिक प्रतिनिधी जमल्या. ब्रिटनमधल्या १८० जणींना यायचं होतं, पण उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद झाली. कशाबशा तिघीच हजर राहू शकल्या. बेल्जियम तेव्हा जर्मन फौजांच्या ताब्यात होता. तरी बेल्जियन आणि जर्मन बायका एकाच सभागृहात बसल्या. केवढं धैर्य लागलं असेल!

त्यांची मागणी नेमकी होती: शस्त्रसंधीची वाट न पाहता तटस्थ देशांनी लगेच मध्यस्थी सुरू करावी. परिषदेच्या अध्यक्षा, अमेरिकन समाजसेविका जेन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकारी हे ठराव घेऊन युरोपच्या राजधान्यांत फिरल्या. ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानांना अ‍ॅडम्स म्हणाल्या, तुम्हाला हा वेडेपणा वाटत असेल. त्यावर ते म्हणाले, दहा महिन्यांत या खोलीत उच्चारलेले हे पहिलेच शहाणपणाचे शब्द आहेत. तरी पहिलं पाऊल कुणीच उचललं नाही, आणि युद्ध आणखी तीन वर्षं चाललं. मला याचा आजही संताप येतो. अ‍ॅडम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं ते थेट १९३१ साली.

आता २००३चा लायबेरिया. यादवी युद्धाने पिचलेला देश. राजधानी मोनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ, राष्ट्राध्यक्षांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून ऊनपावसात रोज बसू लागल्या. आपल्या चेंदणी कोळीवाड्यातल्या बायकांशी ज्यांनी भावावरून हुज्जत घातली आहे, त्यांना बाजारातल्या बाईचा ठामपणा काय असतो ते ठाऊक आहे! पुढे घानात, अक्रा इथे शांतता-वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा या बायकांच्या नेत्या लेमा बोवी आणि त्यांच्या सोबतिणी सभागृहाच्या दारातच हातात हात गुंफून बसल्या. समझोता होईपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. त्यानंतर मतदार नोंदणीसाठीही बायका घरोघर फिरल्या, आणि २००५च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष.