‘ठेवलं’ की ‘राहायला गेलो’?

नमस्कार श्रोतेहो. आज जरा अवघड विषयावर बोलायचंय, म्हणजे विषय तसा सोपाच आहे, पण घरात काढला की अवघड होतो. म्हातारपणी राहायचं कुठे? मी पहिल्यांदा काढला तेव्हा आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. लेकीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली, म्हणे आई, आमचं काही चुकलं का. कुणाचं काही चुकलेलं नव्हतं हो, मला फक्त माझं मी ठरवायचं होतं, डोकं आणि गुडघे दोन्ही चालू आहेत तोवर.

आपण म्हणतो बघा, "त्यांनी आईला तिकडे ठेवलं." ठेवलं! ट्रंक ठेवतात, जुनं कपाट ठेवतात, माणसाला काय ठेवायचं. मी ज्या जागांबद्दल बोलणार आहे, इंडिपेंडंट लिव्हिंग म्हणा, सिनियर लिव्हिंग कम्युनिटी म्हणा, तिथे माणूस राहायला जातो. दार स्वतःचं, किल्ली स्वतःची, कधी उठायचं कधी झोपायचं ते आपलं आपण, फक्त घर चालवायची कटकट दुसऱ्याच्या डोक्यावर.

आता आपल्याला हे जमेल का, की आपल्याला याहून जास्त मदत लागणार आहे, हे कसं ओळखायचं? यासाठी डॉक्टर लोक दोन जुन्या याद्या वापरतात. पहिली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांची, १९६३ सालची, त्यात फक्त सहा गोष्टी आहेत: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. दुसरी लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ ची, तिच्यात आठ आहेत, फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, बाहेर जाणं-येणं, औषधं वेळेवर घेणं आणि पैशाचे व्यवहार. पहिल्या सहा तुमच्या तुम्ही करताय आणि दुसऱ्या आठातल्या तीन-चार करून कंटाळलाय, तर ही जागा तुमच्यासाठी आहे. पहिल्या सहातच गडबड असेल तर असिस्टेड लिव्हिंग बघायचं, तिथे आंघोळीला, औषधाला माणूस असतो. आणि चोवीस तास नर्स लागत असेल तर ते आणखी वेगळं. लोक या तिन्हीत गल्लत करतात आणि मग तिथे जाऊन भांडतात की इथे आंघोळ घालायला कुणी का येत नाही.

आणि म्हणूनच "अजून वेळ आहे" हे वाक्य घातक. कारण बऱ्याच ठिकाणी आत घ्यायच्या आधी तब्येत तपासतात, चांगल्या जागांना वेटिंग लिस्ट असते, आणि आपण वेळ आहे वेळ आहे म्हणत बसतो, मग एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो, मुलं धावतपळत येतात, आठवड्याच्या आत जी जागा रिकामी सापडेल तिथे नेतात. ते मग ‘ठेवणं’च होतं. त्यात मुलांचाही दोष नाही, त्यांच्या हातात आठवडाच असतो.

तर आम्ही दोन वर्षांत आठ जागा बघितल्या. हे पहिल्या तीनला आलेच नाहीत, चौथीला आले ते मी गाडी चालवायला थकले म्हणून. पहिल्या जागेत मी अगदी पाहुणीसारखी गेले, सेल्स ऑफिसमध्ये बसले, गुळगुळीत ब्रोशर, पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं त्यावर, मग एक गोड मुलगा गार्डन दाखवतो, जिम दाखवतो, स्विमिंग पूल दाखवतो. पुलात एकही माणूस नव्हता. त्या दिवसापासून ठरवलं की न सांगता जायचं, आणि जायचं ते मधल्या वारी दुपारी चारला, सणासुदीला किंवा रविवारी नाही, तेव्हा सगळीकडेच गजबज असते. अशा मरगळलेल्या दुपारी लोक कुठे आहेत ते बघायचं. खाली बसून गप्पा मारतायत, पत्ते खेळतायत, का सगळी दारं बंद आणि आतून टीव्हीचा आवाज? नोटीस बोर्ड वाचायचा. एका ठिकाणी तीन महिन्यांपूर्वीचा कार्यक्रम अजून लावलेला होता, पिन गंजलेली.

हे मी उगाच नाही सांगत. २०१० साली ज्युलिअॅन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र केले होते, तीन लाखांवर माणसं त्यात, आणि निघालं काय तर ज्यांची माणसांशी नाती भक्कम त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त. म्हणजे शेजारी बोलका आहे का, हे औषधाच्या डब्याइतकंच बघायला पाहिजे. पण गंमत अशी की बोलकेपणा ब्रोशरमध्ये छापता येत नाही, स्विमिंग पूल छापता येतो.

बरं, आता टेप. माझ्या पर्समध्ये हल्ली चष्म्याशेजारी मोजायची टेप असते. हसू नका, कामाची आहे. दार उघडल्यावर मधली मोकळी जागा निदान ८१ सेंटीमीटर, म्हणजे ३२ इंच पाहिजे, नाहीतर व्हीलचेअर अडकते. व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला दीड मीटरचा गोल लागतो, तो बाथरूममध्ये मिळतो का बघा, हॉलमध्ये तर मिळणारच. रॅम्पला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, याहून उभा असेल तर तो रॅम्प सामान चढवायचा आहे, माणूस चढवायचा नाही. संडासाशेजारच्या दांड्याला धरून जरा जोर लावून बघा, मी एका ठिकाणी लावला तर तो टाइलसकट हलला आणि दाखवणारा मुलगा म्हणाला, मॅडम हा फक्त सॅम्पल फ्लॅट आहे. अरे, सॅम्पल फ्लॅटमध्ये ही अवस्था! लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का विचारा, ते साधारण दोन मीटर लांब असतं, आणि बऱ्याच लिफ्ट त्याच्या निम्म्या खोल असतात, मग आजारी माणसाला खुर्चीत बसवून नाहीतर जिन्याने न्यावं लागतं.

आणि उजेड. दिवसा सगळंच छान दिसतं हो. पण साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे तरुण डिझायनरला जो मंद दिवा मस्त वाटतो तो आपल्याला अंधार. पलंगापासून संडासापर्यंत रात्री कसं जाणार ते एकदा खरंच चालून बघा, मी चालले, ह्यांना लाज वाटली.

पलंगाशेजारी लाल बटण असतं, इमर्जन्सीचं. सगळे ते अभिमानाने दाखवतात. मी म्हणते, दाबू का? एका ठिकाणी दाबलं, घड्याळ लावून बसलो, अकरा मिनिटांनी इंटरकॉम वाजला, "चुकून दाबलं का?" त्या जागेचं नाव घेत नाही, पण दुसऱ्या एका साध्याशा, गार्डन वगैरे नसलेल्या जागेत अडीच मिनिटांत एक मुलगी धापा टाकत आली आणि मला बरं बघून आधी हसली, मग थोडी रागावली. ती मला आवडली. रात्री कोण असतं, किती जण असतात, त्यांना प्रथमोपचार येतात का, जवळचं हॉस्पिटल ट्रॅफिकच्या वेळेला किती मिनिटांवर, हे विचारायचंच, आणि ते शेवटचं स्वतः गाडी काढून बघायचं कारण ब्रोशरमधली दहा मिनिटं पहाटे तीनची असतात.

आता माझा आवडता भाग, अॅग्रीमेंट. मी ३४ वर्षं ऑडिटमध्ये काढली, मला छोट्या अक्षरांचा वास येतो. पहिलं, जागा तुमच्या नावावर होते, भाड्याने आहे, का नुसता आयुष्यभर राहायचा हक्क आहे? तिन्ही वेगळं. दुसरं, महिन्याचा आकार दर वर्षी किती वाढतो? "थोडाफार वाढतो" हे उत्तर नाही. ७२ ला टक्क्यांनी भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. वर्षाला ६ टक्के वाढ असेल तर १२ वर्षांत दुप्पट, ८ असेल तर ९ वर्षांत. सत्तराव्या वर्षी गेलात तर एकोणऐंशीला दुप्पट भरणार, आणि तेव्हा पेन्शन दुप्पट झालेलं असेल का? गेल्या पाच वर्षांत खरंच किती वाढवलं ते लेखी मागा, द्यायला का कू करत असतील तर तेच उत्तर समजा.

तिसरं डिपॉझिट. "रिफंडेबल" लिहिलेलं असतं, पण कधी? एका अॅग्रीमेंटमध्ये होतं की फ्लॅट पुन्हा दिला गेल्यावर परत. म्हणजे नवा माणूस आला नाही तर? तर मग थांबा. किती थांबा? ते लिहिलेलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा समोरचा म्हणाला, मॅडम असं आजपर्यंत कुणी विचारलं नाही. बरोबर आहे, ज्यांनी विचारायचं ते तोवर गेलेले असतात आणि त्यांची मुलं हेलपाटे घालत असतात.

आणि चौथं, ज्याच्यावरून आमच्यात खरं भांडण झालं. दोघांपैकी एक गेला की काय? हे म्हणाले असले अभद्र बोलू नकोस. मी म्हटलं, अहो, दोघं एका दिवशी जाणार आहोत का? बऱ्याच ठिकाणी जोडप्याचा आकार एकट्याच्या दुप्पट नसतो, दुसऱ्या माणसाचे थोडेच जास्त लावतात, ऐकायला बरं वाटतं. पण त्याचाच अर्थ असा की एक कमी झाला तर खर्च निम्मा होत नाही, जरासाच कमी होतो, आणि पेन्शन मात्र एक बंद किंवा अर्धं. तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि कागद हातात घेतला. तेवढ्यासाठी दोन वर्षं लागली.

याच्याच पोटातला प्रश्न: तब्येत बिघडली तर काय? काही जागांत त्याच आवारात असिस्टेड आणि नर्सिंगची सोय असते, काहींत नसते, तिथे एका टप्प्यावर सांगतात की आता दुसरीकडे बघा. ते वाईट नाही, पण कोण ठरवतं, किती दिवसांची मुदत मिळते, आणि एकाला हलवलं तर दुसऱ्याला त्याच फ्लॅटमध्ये राहता येतं का, हे कागदावर पाहिजे. आवारातच सोय असेल तर "तिथे जागा नसेल तेव्हा काय" हेही विचारा, कारण सोय आहे आणि तुमच्यासाठी पलंग आहे या दोन गोष्टी एक नाहीत.

मी प्रत्येक ठिकाणी तिथल्या दोन-तीन रहिवाशांना, ऑफिसचं माणूस आसपास नसताना, एकच प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षभरात इथून कोण कोण सोडून गेलं आणि का? इथे कसं वाटतं विचारलं तर सगळे छान म्हणतात, पाहुण्यासमोर कोण रडगाणं गाणार. पण कोण गेलं म्हटलं की गोष्टी निघतात. एका आजींनी बोटांवर मोजून सांगितलं, दोघं वारले, एक मुलीकडे गेली, तिघं पैसे परवडेनात म्हणून गेले. तिघं! आणि मघाशी ऑफिसात मला सांगितलं होतं, एकदा आलेलं कुणी जात नाही.

मुलांबद्दल एवढंच सांगते, त्यांना टेप धरायला बोलवा. लेक दोन जागा बघायला आली, दुसऱ्या जागेत तीच वाकून उंबरा मोजत होती आणि तिथल्या मॅनेजरला रात्रीच्या स्टाफचे प्रश्न विचारत होती, रडणं वगैरे कधी थांबलं कळलंच नाही. नातवंडं आली तर किती रात्री राहू शकतात, हा प्रश्न तिचाच, मला सुचला नव्हता.

घर आवरणं हा मात्र वेगळाच प्रकार आहे, त्यावर बोलायला दुसरा अर्धा तास लागेल. ह्यांचे जुने रेडिओ अकरा आहेत. चालू एक.

तर आमचं ठरलंय असं की ती अडीच मिनिटांची मुलगी जिथे आहे तिथे आधी पंधरा दिवस ट्रायलला राहायचं, पैसे देऊन, पाहुण्यांच्या खोलीत नाही तर साध्या फ्लॅटमध्ये, आणि त्यातले दोन दिवस ह्यांनी एकट्याने राहायचं आणि दोन दिवस मी एकटीने. ही अट ह्यांनी घातली, मी नाही. पुढच्या सोमवारी निघतोय. चालू असलेला रेडिओ बरोबर नेतायत.

नमस्कार.